कोठीच्या खोलीतली पाच मिनिटं

कल्पना करा, तुम्ही सातवीच्या वर्गात आहात. बाकावर नाही, सतरंजीवर. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. खरं तर डोळेही मिटायचे आहेत, पण तुम्ही वाचताय म्हणून तुम्हाला तेवढी सूट. चारही खिडक्या लावलेल्या. घड्याळाची टिकटिक नको म्हणून बाईंनी ते टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलंय. तुमच्या डावीकडचा बाळगोंडा श्वासदेखील बेतानं घेतोय, कारण काल त्याच्या नाकात शिट्टी वाजली आणि सगळे हसले होते.

एक मिनिट जातं. मग आणखी अर्धं.

आणि एकदम धाडधाड पावलं वाजतात. तुमच्या उजवीकडे बसलेली मुलगी आता दाराशी उभी आहे. एक हात कडीवर, डोळे मोठे झालेले, छाती वरखाली होतेय.

"काय गं माला? काय झालं?" बाई विचारतात.

"काय न्हाई, बाई."

"मग उठलीस का?"

ती आपल्या पायांकडे बघते. उत्तर त्यांनाच ठाऊक असावं, अशी. मग म्हणते, "मला बी कळलं न्हाई, बाई. उठल्यावर कळलं, की मी उठलीय."

त्या बाई म्हणजे मी. सव्वीस वर्षांची होते तेव्हा, आणि इचलकरंजीच्या एका शाळेत शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती. माझं माहेर आजऱ्याकडचं. आमच्या घराच्या मागं डोंगर, पुढं ओढा, आणि दुपारी फणसाचं पान गळलं तरी ओसरीवर ऐकू यायचं. तिथून मी आले ती या गावात. इथं गल्लोगल्ली विजेवर चालणारे कापडाचे माग. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्, दिवस उजाडल्यापासून. पहिलं वर्षभर माझं डोकं दुखायचं थांबलं नव्हतं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी ध्यानाच्या शिबिराला गेले. दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, नुसतं बसायचं आणि श्वास बघायचा. आठव्या दिवशी माझं डोकं दुखायचं थांबलं. मला इतकं हलकं वाटलं, की परतीच्या एस.टी.त बसल्याबसल्याच मी ठरवलं, हे आपल्या मुलांना द्यायचंच.

दिलं. शाळेच्या मागच्या बाजूला एक कोठीची खोली होती. तिथं नकाशे, लेझीम आणि मोडके बाक ठेवलेले असायचे. रस्त्यापासून सगळ्यात लांब म्हणून मी तीच निवडली. रोज सकाळी पाच मिनिटं. बसून झालं की एकेकाला विचारायची, काय जाणवलं.

"म्हस दिसली, बाई," बाळगोंडा म्हणाला.

"ध्यानात म्हैस आणायची नाही."

"मी न्हाई आणली, बाई. तीच आली."

अल्ताफ मोमीनला मुंग्या आल्या होत्या. "आधी डाव्या पायाला आल्या, बाई, मग उजव्या, मग परत डाव्या. दुसरं काय बघायला येळच मिळाला न्हाई."

मी हसू दाबायची आणि म्हणायची, उद्या जमेल. हळूहळू त्यांना जमतही होतं. एकट्या मालाला जमत नव्हतं. ती रोज दीड मिनिटाच्या आसपास उठायची. कधी दारापर्यंत, कधी अर्ध्या वाटेपर्यंत. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. गणित असं सोडवायची, की फळ्यावर माझा खडू मागं पडायचा. आणि पाच मिनिटं तिला बसवत नव्हतं.

जानेवारीत तिचे वडील शाळेत आले. शिवाप्पा बुगड. त्यांचे स्वतःचे चार माग होते, घराला लागूनच. टोपी हातात घेऊन ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. माला त्यांच्या मागं, नखं कुरतडत.

"बाई, पष्ट बोलतो," ते म्हणाले. "चौथीला हिला स्कॉलरशिपला बसवली. समदं गाव म्हणत हुतं, शिवाप्पाची पोरगी नंबर काढणार. धा मिन्टांत भाईर आली. पेपर कोरा. का आलीस म्हटलं, तर सांगता येईना. आता एप्रिलात सातवीची केंद्राची परीक्षा. ह्या खेपेला बी पळाली, तर मी तिला आठवीत घालणार न्हाई. परत परत चारचौघांत हसं कशाला? घरी कांड्या भरू दे."

कांड्या भरणं म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळणं, आणि ते तुटलं की न बघता दोन बोटांनी गाठ मारून पुढं जाणं. गावातल्या कितीतरी मुली शाळा सुटली की हेच काम करायच्या, आणि शाळा कायमची सुटली की दिवसभर.

"माला, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

ती वडिलांच्या पाठीमागूनच बोलली. "मला बीजगणित बघायचं हाय, बाई. आठवीत असतंय म्हणं."

"बघायचं?"

"आकड्यांच्या जागी अक्षरं घालत्यात. मग गुणाकार कसा करत्यात, त्ये बघायचं हाय."

मी शिवाप्पांना शब्द दिला. म्हटलं, ही परीक्षेत पळणार नाही, माझ्याकडे उपाय आहे. तुम्ही ओळखला असेल माझा उपाय. सगळ्यांना पाच मिनिटं, तर मालाला दहा. मधल्या सुट्टीत, कोठीच्या खोलीत एकटी. मी दाराबाहेर उभी राहायची, म्हणजे कुणी आवाज करणार नाही.

पहिल्या दिवशी ती तिसऱ्या मिनिटाला दारावर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मिनिटाला. तिसऱ्या दिवशी मी आत तिच्याशेजारी बसले आणि तिचं मनगट धरून ठेवलं. हाताखाली तिची नाडी अशी धावत होती, की जणू ती मैदानाला चार फेऱ्या मारून आलीय.

"बाई," ती डोळे न उघडता म्हणाली, "मी लई वाईट हाय का?"

"असं का म्हणतेस?"

"समद्यांचं बसतंय. बाळगोंडाची म्हस बी बसली आता. माझंच पळतंय."

मी तिला म्हटलं, अजून प्रयत्न कर. आज ते आठवलं की स्वतःचा कान पिळावासा वाटतो.

मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तिच्या घरी गेले. कशाला? तर शिवाप्पांना सांगायला, की घरात तिला एक शांत कोपरा द्या, रोज थोडा वेळ बसू द्या.

दारातच मागांच्या आवाजानं मला गाठलं. चारही माग चालू. शिवाप्पांनी मला बघून हात जोडले आणि तोंड हलवलं. ते 'या बाई' म्हणाले असावेत. मी ओरडून सांगितलं, त्यांनी कानाला हात लावला. शेवटी मी खुणांवर आले. डोळे मिटले, हात जोडून मांडीवर ठेवल्यासारखे केले, मालाचं नाव ओठांनी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि एक चटई व उशी घेऊन आले. माझ्यासाठी. बाईंना उन्हाचा त्रास झालाय, जरा पडायचंय, असा त्यांचा समज झाला होता.

मी उशी हातात धरून माला कुठं दिसते ते बघू लागले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मागाच्या मध्ये, एका पालथ्या डब्यावर ती बसली होती. मांडीवर वही. एका बाजूला हातभर अंतरावर धोटा इकडून तिकडे पळत होता, दुसऱ्या बाजूला दुसरा. जमीन थरथरत होती. जवळच पाळण्यात तिचा धाकटा भाऊ ढाराढूर झोपला होता. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही. माझी सावली वहीवर पडली, तेव्हा तिनं वही जराशी उजेडाकडे सरकवली आणि गणित पुढं चालू ठेवलं. तिची पाठ ताठ होती. मी शिकवलेली ताठ नव्हे, आपोआप झालेली. श्वास इतका संथ, की खांदेही हलत नव्हते. शिबिराच्या दहाव्या दिवशीदेखील मला असं बसता आलं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली.

चारही माग एकदम थांबले. सगळीकडे शांतता. मला तर बरं वाटलं; क्षणभर आजऱ्याच्या ओसरीवर बसल्यासारखं.

पण पाळण्यातलं बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. मालाची आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. शिवाप्पा कोपऱ्यात सूत मोजत होते, ते ताडकन उभे राहिले. आणि माला दारात होती. एक हात कडीवर, डोळे मोठे, छाती वरखाली.

"लाईट गेली व्हय!" तिची आई म्हणाली, आणि सगळ्यांच्या अंगातला ताठरपणा गेला. बाळाला उचलून तिनं थोपटायला सुरुवात केली. "उगी रं, उगी. येतंय आता माग, येतंय."

मी ती उशी घट्ट धरून उभी होते. "शिवाप्पा," मी म्हटलं, "हिचं हे असं उठणं कधीपासून आहे?"

ते हसले. "कधीपास्नं म्हंजे? चार वर्साची हुती तवापास्नं. तिचं कामच ते, बाई. मी भाईर च्या प्यायला गेलो की हिला आत बसवायचो. तवा माग एकच हुता. त्यातलं काय कळत न्हवतं तिला, पर आवाज कळायचा. धागा तुटला की माग थांबतोय. आवाज गेला की पळत येऊन मला सांगायचं, येवढंच शिकवलं हुतं. एक डाव चुकली न्हाई बघा. लई इमानी पोरगी."

बोलता बोलता ते थांबले. त्यांनी दारातल्या मालाकडे बघितलं. तिच्या कडीवरच्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पेपरात लई शांत असतंय का वो?"

"हो. एकदम शांत."

ते मटकन चटईवर बसले. माझ्यासाठी अंथरलेल्या. "म्हंजे मीच शिकवलं हुतं की तिला पळायला."

"आणि मी रोज खिडक्या लावून तिच्याकडून त्याचा सराव करून घेत होते," मी म्हटलं.

माला दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "म्हंजे मी वाईट न्हाई?"

"न्हाई गं माझे बाई," तिची आई म्हणाली. "तू कामावर हुतीस."

सोमवारी मी कोठीच्या खोलीच्या चारही खिडक्या उघडल्या. धूळ खाली पडली, लांबून मागांचा आवाज आत आला. मुलं चकित होऊन बघत राहिली.

"माझी एक चूक झाली," मी त्यांना सांगितलं. "मला जे औषध लागू पडलं, तेच मी सगळ्यांना पाजत बसले. आता तुम्ही सांगा. असं कुठलं काम आहे, की ते करताना वेळ कुठं गेला ते तुम्हाला कळत नाही?"

बाळगोंडानं हात वर केला. "धार काढताना, बाई. चरवीत धार पडती त्याचा आवाज बदलत जातोय. आधी चर्र, मग भरत आली की घुम्म. त्ये ऐकत बसलं की कायच सुचत न्हाई."

"मग उद्यापासून म्हैस आण."

"ह्या खोलीत?"

"मनात रे!"

"ती तर रोजच येत हुती, बाई. तुम्हीच हाकलत हुता."

अल्ताफ पतंगाचा मांजा बोटावर कसा ओढ देतो, ते आठवत बसू लागला आणि त्याच्या मुंग्या गेल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं ठिपक्यांची रांगोळी घेतली. मी माझा श्वासच ठेवला. मला तोच मानवतो, अजूनही.

माला म्हणाली, "मी काय करू? मला आवाज लागतोय."

"मग आवाज ऐक," मी म्हटलं. "डोळे मिट आणि किती ऐकू येतात ते मोज. मला नंतर सांग."

पहिल्या दिवशी ती पाचही मिनिटं बसली. बावीस आवाज आणले. त्यात मागांचे सात, सायकलच्या घंट्या तीन आणि कुठल्याशा घरातली फोडणी. दुसऱ्या आठवड्यात मी तिला विचारून एक खिडकी लावली. चार दिवसांनी दुसरी. तिसरी लावली त्या दिवशी ती अर्धी उठली, पण आपली आपणच खाली बसली. मी खिडकी पुन्हा उघडली आणि दोन दिवसांनी पुन्हा लावली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चौथी खिडकी लागली. पाच मिनिटं झाली. माला जागेवर होती.

"आज किती?" मी विचारलं.

"अकरा."

"अकरा? मला तर एकही ऐकू आला नाही!"

ती बोटांवर मोजत सांगू लागली. "अल्ताफचं पोट बोलत हुतं. बाळगोंडाच्या नाकात शिट्टी. नकाशामागं पाल हाय, तिचं चुकचुक. तुमच्या बांगड्या दोन डाव. पत्रा तापतोय त्याची टकटक..." नऊ झाले, दहा झाले. मग ती जरा लाजली. "आणि एक माझ्याच आत. ठक ठक. आधी वाटलं, लांबच्या गल्लीतला माग असंल. पर मी घाबरले की त्यो जोरात चालतोय, आणि बसले की हळू."

खोलीत कुणी हसलं नाही. बाळगोंडानं तर आपल्या छातीवर हात ठेवून बघितला.

"बाई," माला म्हणाली, "शांत म्हंजे समदं बंद पडलंय असं नस्तंय. बारीक चालू अस्तंय."

हे मी कुठल्याही शिबिरात ऐकलं नव्हतं. पण मी शिक्षिका होते, आणि मला ठाऊक होतं, की ओळखीच्या खोलीत ओळखीच्या नाकांमध्ये बसणं वेगळं आणि परीक्षा वेगळी.

परीक्षेचं केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या शाळेत होतं. दगडी इमारत, उंच छत, जाड भिंती. पहिलाच पेपर गणिताचा. आम्हा शिक्षकांना आत जायची परवानगी नव्हती. मी व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या माठाशी उभी राहिले. माठाशेजारच्या खिडकीतून मालाचा बाक दिसत होता.

"हितं थांबता येत न्हाई, बाई," माठाशी बसलेला शिपाई म्हणाला.

"पाणी पितेय."

"चार ग्लास झालं की वो तुमचं."

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. शिवाप्पा. टोपी हातात.

"माग?" मी विचारलं.

"बंद ठिवलं आज," ते म्हणाले. शिपायानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि न विचारता पाचवा ग्लास त्यांना भरून दिला.

घंटा झाली. प्रश्नपत्रिकांची सळसळ झाली, मग तीही थांबली. जाड भिंतींच्या आत ती शांतता उतरताना आम्हाला बाहेरूनसुद्धा जाणवली.

"धा मिन्टं झाली का, बाई?"

"सात."

"चौथीला धाव्या मिन्टाला आलती."

नवव्या मिनिटाला मालाचं डोकं वर झालं. तिनं पेन खाली ठेवलं. दाराकडे बघितलं. शिवाप्पांनी खिडकीचा गज पकडला. मीही पकडला.

माला उठली नाही. तिनं डोळे मिटले. हात उत्तरपत्रिकेवरच होते. पर्यवेक्षक, एक उंच, मिशीवाले सर, तिच्याजवळ गेले. "काय गं, बरं वाटत नाही का?" तिनं डोळे न उघडता एक बोट वर केलं. जरा थांबा, अशी खूण. सर खरोखरच थांबले. मग तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पेन उचललं.

वीस मिनिटं. पस्तीस. शिवाप्पांच्या ग्लासातलं पाणी तसंच होतं. आता शिपाईदेखील उभा राहून बघत होता. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

चाळिसाव्या मिनिटाला माला उठली.

बाकातून बाहेर आली आणि सरळ दाराकडे चालू लागली. ना घाईत, ना रेंगाळत. शिवाप्पांनी गजावरचा हात सोडला. "आली बघा," ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दाराला लागूनच पर्यवेक्षकांचं टेबल होतं. माला तिथं थांबली आणि तिनं हात पुढं केला.

"सर, पुरवणी."

तिचा आवाज आम्हाला माठापर्यंत स्पष्ट ऐकू आला. सगळ्या खोलीनं वर बघितलं. "एवढ्यात?" सर म्हणाले. त्यांनी तिला कागद दिला आणि बांधायला एक दोरा दिला. ती जागेवर परत गेली, बसली, आणि प्रश्नपत्रिकेतलं पुढचं गणित वाचता वाचता, खाली न बघता, एका हाताच्या दोन बोटांनी तिनं त्या दोऱ्याला गाठ मारली आणि लिहायला लागली.